टर्मिनलमधला ईमेल: क्लायंट निवडण्यापासून मेल व्यवस्थित ये-जा करेपर्यंत

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या मजकुरी खिडकीत, मेल वाचायचं ठरवलं की मट, अल्पाइन आणि एर्क यांपैकी कुठला क्लायंट (मेल वाचण्या-लिहिण्याचा प्रोग्राम) घ्यावा, ही चर्चा लगेच सुरू होते. तिच्याआधी एक प्रश्न सोडवून घ्या: तुमची मेल राहणार कुठे? सर्व्हरवरच राहणार आणि तुम्ही तिथे जाऊन वाचणार, की तिची पूर्ण प्रत तुमच्या डिस्कवर येणार? कुठला क्लायंट सोयीचा पडेल, सोबत कुठले छोटे प्रोग्राम लागतील, पासवर्ड किती ठिकाणी द्यावा लागेल, हे सगळं या उत्तरावर ठरतं.

दुसरं म्हणजे, मेल आणणं, साठवणं, शोधणं, लिहिणं आणि पाठवणं ही पाच वेगळी कामं आहेत. ग्राफिकल क्लायंट ती सगळी स्वतःच्या पोटात घेतो, म्हणून ती वेगळी असल्याचं जाणवत नाही. टर्मिनलमध्ये ती सुटी असतात किंवा सुटी करता येतात. त्यामुळे एक काम लावायचं, ते चालतंय याची खात्री करायची आणि मगच पुढच्याला हात घालायचा. तयार कॉन्फिगरेशन कुठून तरी उचलून एकदम चिकटवलं आणि मेल गेली नाही, तर बिघाड पाचांपैकी कशात आहे हेच कळत नाही.

खाली सेटिंगची आणि फाइलींची नावं देवनागरीत आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत लिहायची. मट आणि त्यातून निघालेला निओमट यांच्यात सगळी अक्षरं लहान असतात. त्या त्या प्रोग्रामचं मॅन पेज (सोबत येणारी माहितीपुस्तिका) शेजारच्या खिडकीत उघडं ठेवा, म्हणजे स्पेलिंगचा प्रश्न राहणार नाही.

एवढी खटपट कशासाठी? वेग आणि कीबोर्डची सोय आहेच, पण माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा सुरक्षिततेचा आहे. टर्मिनल क्लायंट एचटीएमएल मेलचा मजकूर तेवढा दाखवतो आणि बाहेरची चित्रं आपणहून उतरवत नाही. त्यामुळे मेल उघडल्याची खबर पाठवणारे अदृश्य पिक्सेल निकामी होतात. २०१८ च्या मे महिन्यात ईफेल नावाने उघड झालेला हल्ला मुख्यतः याच वाटेवर उभा होता: एचटीएमएलमधला दुवा क्लायंटला आपोआप उघडायला लावायचा आणि त्यातून एन्क्रिप्ट केलेला मजकूर बाहेर काढायचा. शिवाय एसएसएच करून, म्हणजे सुरक्षित जोडणीने टर्मिनलमधून, दूरच्या संगणकावर बसल्या बसल्या मेल वाचता येते. आणि मजकूर जसाच्या तसा जातो. टॅबच्या स्पेस होत नाहीत, ओळी मध्येच तुटत नाहीत. लिनक्स कर्नलला पॅच (कोडमधले बदल) पाठवणाऱ्यांसाठी असलेल्या अधिकृत कागदपत्रांत ईमेल क्लायंटवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, ते याच कारणाने.

कोणासाठी कुठला क्लायंट

अल्पाइन हा पाइनचा वारस. पाइनचं काम वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ मध्ये सुरू झालं, आणि २००७ मध्ये मुक्त परवान्याखाली अल्पाइन आला. त्याच्या पडद्याच्या तळाशी कुठली की काय करते ते कायम लिहिलेलं असतं आणि सेटिंग मेनूतूनच बदलता येतात. मेल सर्व्हरवरच ठेवायची आहे, कॉन्फिगरेशनच्या फाइली लिहायचा कंटाळा आहे आणि लवकर कामाला लागायचं आहे, तर अल्पाइन घ्या. जुना म्हणून त्याला बाजूला सारू नका.

मट १९९५ मध्ये मायकेल एल्किन्स यांनी लिहिला. त्यावर लोकांनी वर्षानुवर्षं केलेले पॅच एकत्र करून २०१६ च्या सुमारास निओमट वेगळा झाला. दोघांच्या कॉन्फिगरेशनची भाषा जवळपास एकच आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने निओमट घ्यावा, असं मी सुचवेन; मेल शोधणाऱ्या नॉटमच या प्रोग्रामशी त्याची जोडणी आतूनच झालेली आहे. मात्र ज्या सर्व्हरवर मट आधीपासून बसवलेला आहे, तिथे केवळ नव्यासाठी म्हणून बदलण्याची गरज नाही.

एर्क २०१९ मध्ये आला. गो भाषेत लिहिलेला हा क्लायंट टॅब वापरतो: एका टॅबमध्ये मेल लिहीत असताना दुसऱ्या टॅबमध्ये जुनी मेल वाचता येते. मटमध्ये संपादक उघडला की साधारणपणे बाकी सगळं थांबतं, त्यामुळे ही सोय मोठी वाटते. दोन-तीन खाती असतील तर एर्क सर्वांत कमी त्रासाचा.

ईमॅक्स हा संपादक वापरणाऱ्यांनी वेगळा प्रोग्राम शोधूच नये. म्यूफोरई किंवा नॉटमच, दोन्ही ईमॅक्सच्या आतच चालतात. पण दोघांनाही मेल डिस्कवर लागते, हे लक्षात ठेवा.

पायरी पहिली: सर्व्हरची माहिती आणि तिची परीक्षा

क्लायंट बसवण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: आयमॅप (मेल वाचण्याच्या) सर्व्हरचं नाव, एसएमटीपी (मेल पाठवण्याच्या) सर्व्हरचं नाव, दोन्हींचे पोर्ट (जोडणीचे क्रमांक) आणि लॉगिनचं नाव. लॉगिनचं नाव म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता की फक्त त्याचा पुढचा भाग, हे नक्की विचारून घ्या. अपयशी लॉगिनचं हे नेहमीचं कारण आहे.

आयमॅपसाठी पोर्ट ९९३ वापरा. तिथे जोडणी पहिल्या क्षणापासून एन्क्रिप्ट होते. पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. ४६५ वर एन्क्रिप्शन सुरुवातीपासून असतं, तर ५८७ वर जोडणी साधी सुरू होते आणि स्टार्टटीएलएस या आदेशाने पुढे एन्क्रिप्ट होते. २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट मानकाने सुरुवातीपासूनच्या एन्क्रिप्शनला पसंती दिली आहे, म्हणून सर्व्हर देत असेल तर ४६५ घ्या. मेल उतरवण्याच्या पॉप३ या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या वाटेला जाऊ नका. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत मेल उतरली की सर्व्हरवरून निघून जाते, आणि मग फोनवर काहीच दिसत नाही.

आता एन्क्रिप्ट केलेली जोडणी तपासणाऱ्या ओपनएसएसएल प्रोग्रामचा एस-क्लायंट हा उपआदेश घ्या, त्याच्या कनेक्ट पर्यायाला सर्व्हरचं नाव, कोलन आणि ९९३ द्या. प्रमाणपत्राची माहिती येऊन शेवटी तारांकन आणि ओके असलेली ओळ दिसली, म्हणजे नेटवर्क, पोर्ट आणि सर्व्हर तिन्ही ठीक. इथेच अडलं तर क्लायंटच्या कॉन्फिगरेशनमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. फायरवॉल किंवा सर्व्हरचं नाव तपासा.

पायरी दुसरी: पासवर्ड

मोठ्या सेवांचा तुमचा नेहमीचा पासवर्ड इथे चालेलच असं नाही. जीमेलने वैयक्तिक खात्यांसाठी साध्या पासवर्डने बाहेरच्या क्लायंटला दिला जाणारा प्रवेश २०२२ मध्ये बंद केला. आता आधी दुहेरी पडताळणी सुरू करायची, मग १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड तयार करून तो क्लायंटला द्यायचा. मायक्रोसॉफ्टच्या सेवांना ओऑथ२ ही प्रवेशाची पद्धत लागते. तिथे पासवर्डच्या जागी थोडा वेळच चालणारं टोकन असतं आणि ते वेळोवेळी नवं करून घ्यावं लागतं. मटच्या पॅकेजसोबत यासाठी एक पायथन स्क्रिप्ट येते, आणि अल्पाइनला हे काम स्वतःच जमतं. तुमचं मुख्य खातं असं असेल तर अल्पाइनच्या बाजूने हा एक सबळ मुद्दा आहे.

पासवर्ड कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये उघडा लिहू नका. त्या फाइली लोक मोठ्या आवडीने गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामात) ठेवून सार्वजनिक करतात, आणि पासवर्ड त्यांच्यासोबत जगभर जातो. ‘पास’ नावाचा छोटा प्रोग्राम प्रत्येक पासवर्ड जीपीजी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामने एन्क्रिप्ट करून स्वतंत्र फाइलमध्ये ठेवतो. जीपीजीची चावी तयार करा, पासला ‘इनिट’ आदेशासोबत ती चावी द्या आणि ‘इन्सर्ट’ने मेलचा पासवर्ड आत टाका. नंतर पास आणि त्या नोंदीचं नाव एवढंच टाइप केलं की पासवर्ड पडद्यावर यायला हवा. तो आला की ही पायरी झाली.

पायरी तिसरी: निओमट, मेल सर्व्हरवर ठेवून

पुढे मेल डिस्कवर आणायची असली तरी सुरुवात इथूनच करा. कमी भाग असतात, म्हणून चुकाही कमी होतात.

होम डिरेक्टरीतल्या डॉट कॉन्फिग फोल्डरमध्ये निओमट नावाचा फोल्डर करा आणि त्यात निओमटआरसी ही फाइल. तिची परवानगी सीएचमॉड या आज्ञेने ६०० करा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल. इथली प्रत्येक ओळ ‘सेट’ने सुरू होते, पुढे सेटिंगचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात किंमत.

आधी ओळख: ‘रिअलनेम’मध्ये तुमचं नाव, ‘फ्रॉम’मध्ये पत्ता. मग ‘आयमॅप_यूझर’ आणि ‘आयमॅप_पास’. ‘आयमॅप_पास’च्या किमतीत पासवर्डऐवजी मागच्या पायरीतली पासची आज्ञा बॅकटिक (उलट्या एकेरी अवतरण) चिन्हांमध्ये लिहा. निओमट सुरू होताना ती चालवून मिळालेलं उत्तर वापरतो. ‘फोल्डर’मध्ये आयमॅप्स, कोलन, दोन तिरप्या रेषा आणि सर्व्हरचं नाव. ‘स्पूलफाइल’मध्ये अधिकचं चिन्ह आणि त्याला लागून मोठ्या अक्षरांत इनबॉक्स, इथे अधिकचं चिन्ह म्हणजे ‘फोल्डर’मध्ये दिलेली जागा. नव्या निओमटमध्ये या सेटिंगच्या नावात अंडरस्कोर आला आहे, पण जुनं नावही चालतं. ‘एसएसएल_फोर्स_टीएलएस’ला येस द्या, म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय जोडणी होणारच नाही.

एवढ्यावर फाइल बंद करा आणि निओमट चालवा. इनबॉक्स दिसला पाहिजे. तो दिसेपर्यंत पाठवण्याच्या सेटिंगला हात लावू नका.

इनबॉक्स दिसला, पण उघडायला वेळ लागतो? हजारो मेलांची शीर्षकं दर वेळी सर्व्हरवरून येत असतात. ‘हेडर_कॅश’ आणि ‘मेसेज_कॅशडिर’ या दोन सेटिंगना डॉट कॅश फोल्डरमधली जागा द्या. ते फोल्डर आधी स्वतः तयार करून ठेवा. दुसऱ्या वेळेपासून फरक स्पष्ट दिसेल.

आता पाठवणं. ‘एसएमटीपी_यूआरएल’मध्ये ४६५ साठी एसएमटीपीएसने सुरू होणारा पत्ता, ५८७ साठी शेवटचा एस नसलेला. ही एका अक्षराची चूक फार होते, आणि झाली की निओमट कितीतरी वेळ नुसता थांबून राहतो. ‘एसएमटीपी_पास’ला आधीसारखीच आज्ञा. ‘रेकॉर्ड’मध्ये पाठवलेल्या मेलांचा फोल्डर आणि ‘पोस्टपोन्ड’मध्ये मसुद्यांचा. जीमेल मात्र स्वतःच्या एसएमटीपीवरून गेलेली मेल आपणहून ठेवून घेतो, म्हणून तिथे ‘रेकॉर्ड’ रिकामं ठेवा. नाहीतर प्रत्येक मेल दोनदा दिसेल.

पहिली मेल स्वतःलाच पाठवा. ‘एम’ दाबा, पत्ता आणि विषय द्या, संपादकात दोन ओळी लिहून बाहेर पडा. पुढच्या पडद्यावर ‘ए’ने फाइल जोडता येते आणि ‘वाय’ दाबली की मेल जाते. उत्तर देताना ‘आर’ फक्त पाठवणाऱ्याला, ‘जी’ सगळ्यांना आणि मोठा ‘एल’ मेलिंग लिस्टला. ‘डी’ने मेल पुसली तरी ती फक्त पुसण्यासाठी खूण केलेली असते. डॉलरचं चिन्ह दाबल्यावर ती खरोखर जाते. ‘क्यू’ने बाहेर पडताना बदल लागू होतात, ‘एक्स’ने पडलात तर टाकून दिले जातात. या दोन कींमधला फरक पहिल्याच दिवशी पाठ करा.

‘सॉर्ट’ला थ्रेड्स द्या, म्हणजे संवाद एकाखाली एक झाडासारखे दिसतील. शोधताना लहान ‘एल’ दाबून टिल्ड (नागमोडी रेघेचं चिन्ह) आणि ‘एफ’सोबत नाव दिलं की त्या माणसाच्याच मेल उरतात; टिल्ड ‘एस’ विषयासाठी, टिल्ड ‘बी’ आतल्या मजकुरासाठी. मात्र मेल सर्व्हरवर असताना टिल्ड ‘बी’ अतिशय हळू चालतो, कारण त्यासाठी सगळ्या मेल उतरवाव्या लागतात.

एचटीएमएल मेल

डब्ल्यू३एम हा मजकुरी ब्राउझर बसवा. होम डिरेक्टरीत डॉट मेलकॅप फाइल (कुठल्या प्रकारचा भाग कशाने उघडायचा ते सांगणारी) करा आणि तिच्यात एक ओळ लिहा. तिचे अर्धविरामाने वेगळे केलेले तीन भाग असतात: टेक्स्ट आणि एचटीएमएल हा प्रकार, मग डब्ल्यू३एमची डंप पर्यायासह आज्ञा आणि शेवटी ‘कोपियसआउटपुट’ हा शब्द. त्या शब्दामुळे निओमटला कळतं की आलेला मजकूर आपल्याच पडद्यावर दाखवायचा आहे. निओमटआरसीमध्ये ‘ऑटो_व्ह्यू’ची ओळ टाका, आणि ‘अल्टरनेटिव्ह_ऑर्डर’मध्ये साधा मजकूर आधी, एचटीएमएल नंतर. या दोन्ही ओळींच्या सुरुवातीला ‘सेट’ लागत नाही.

काही कंपन्यांच्या मेलमधला साधा मजकुराचा भाग निरुपयोगी असतो. ‘ही मेल ब्राउझरमध्ये पाहा’ एवढंच. तेव्हा ‘व्ही’ दाबून सगळे भाग पाहा आणि त्यातून एचटीएमएल निवडा.

देवनागरी मजकूर

मराठी मेल वाचणाऱ्याला इथे खरी अडचण येते, आणि बहुतेक मार्गदर्शक त्याबद्दल एक शब्दही बोलत नाहीत.

पहिल्यांदा लोकॅल ही संगणकाची भाषा आणि अक्षरसंच सांगणारी आज्ञा चालवा. उत्तरात यूटीएफ-८ दिसलं पाहिजे. नुसता सी किंवा पॉसिक्स दिसला, तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा तिरप्या रेषांसह आकडे येतील. दूरच्या सर्व्हरवर एसएसएच करताना हे हमखास घडतं. निओमटच्या ‘चारसेट’ला हात लावू नका, तो लोकॅलवरून स्वतः ठरवतो. पाठवतानाही काही करावं लागत नाही: साध्या इंग्रजी अक्षरांत मावलं नाही की तो यूटीएफ-८ निवडतो.

एवढं झाल्यावरही मात्रा सुट्या दिसतील किंवा जोडाक्षरं फुटतील. तो दोष क्लायंटचा नसतो. टर्मिनल पडदा सारख्या रुंदीच्या चौकटींत विभागतो आणि देवनागरीची अक्षरं त्या चौकटींत नीट बसत नाहीत. म्हणून आधी टर्मिनल बदलून पाहा: भारतीय लिप्यांचा आधार असलेला एमएलटर्म आणि केडीईचा कॉन्सोल, दोन्हींवर एकच मेल उघडून तुलना करा.

यादीत पाठवणाऱ्याचं नाव मराठीत असलं की त्यापुढचे रकाने सरकतात. ‘इंडेक्स_फॉरमॅट’मध्ये क्रम बदला: खुणा, तारीख आणि आकार आधी, मग नाव आणि सर्वांत शेवटी विषय. मग सरकला तर फक्त विषय सरकतो आणि यादी वाचण्याजोगी राहते.

लिहिण्यासाठी तर सरळ ग्राफिकल संपादक लावा. ‘एडिटर’मध्ये केट हा ग्राफिकल संपादक द्या, पण ब्लॉक पर्यायासह. तो नसेल तर केट पार्श्वभूमीला निघून जातो, निओमटला वाटतं की काहीच लिहिलं नाही, आणि तो मेल रद्द करतो. ज्यांचा बहुतांश पत्रव्यवहार मराठीत आहे त्यांनी ग्राफिकल ईमॅक्समधला नॉटमच किंवा म्यूफोरई जरूर पाहावा. ईमॅक्स २७ पासून तिथे अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरलं जातं आणि जोडाक्षरं व्यवस्थित दिसतात.

मेल डिस्कवर आणायची असेल तर

नेट नसताना वाचायचं आहे, क्षणात शोधायचं आहे, किंवा मेलची प्रत आपल्या ताब्यात हवी आहे, तर सर्व्हर आणि डिस्कवरची मेल जुळवून ठेवणारं आयसिंक पॅकेज बसवा. त्यातल्या प्रोग्रामचं नाव एमबीसिंक. मेल मेलडिर पद्धतीने साठते: प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल, आणि वाचली, उत्तर दिलं अशा खुणा त्या फाइलच्या नावातच.

डॉट एमबीसिंकआरसी फाइलमध्ये चार गट लिहायचे: खातं, आयमॅपची बाजू, मेलडिरची बाजू आणि दोघांना जोडणारं चॅनल. पासवर्डसाठी ‘पासकमांड’ नव्हे, ‘पासकमड’सारखं लघुरूप आहे, त्यात कमांडची फक्त सी, एम, डी ही अक्षरं येतात. चॅनलमध्ये सर्व्हरची बाजू ‘फार’ आणि तुमची बाजू ‘निअर’. जुन्या नोंदींमध्ये यांना मास्टर आणि स्लेव्ह म्हटलेलं आढळेल, १.४ आवृत्तीपासून नावं बदलली. ‘पाथ’च्या शेवटची तिरपी रेषा विसरू नका, नाहीतर फोल्डरचं नाव पुढच्या नावाला चिकटतं.

पहिल्या वेळी ‘सिंक’ला पुल द्या, ‘क्रिएट’ला निअर आणि ‘एक्स्पंज’ला नन. म्हणजे मेल फक्त खाली येईल आणि सर्व्हरवर काहीही बदलणार नाही. काही दिवस नीट चाललं की दोन्ही दिशा उघडा, आणि पुसण्याची परवानगी सर्वांत शेवटी. एमबीसिंक सांगितलेलं तंतोतंत करतो. चुकीच्या सेटिंगने सर्व्हरवरची मेलही पुसली जाऊ शकते. जीमेल असेल तर ‘पॅटर्न्स’मध्ये ऑल मेल हा फोल्डर वगळा, कारण लेबलं फोल्डर म्हणून दिसतात आणि तीच मेल पुन्हा उतरते.

नंतर निओमटमध्ये ‘फोल्डर’ला मेलडिरची जागा द्या आणि आयमॅपच्या ओळी काढून टाका. पाठवण्याच्या ओळी तशाच ठेवल्या तरी चालतं. गिटमधून पॅचही पाठवायचे असतील तर एमएसएमटीपी हा मेल पाठवणारा छोटा प्रोग्राम बसवा आणि निओमट व गिट दोघांनाही तोच द्या. त्याच्या सर्व्हरइन्फो पर्यायाने मेल न पाठवताच जोडणी तपासता येते.

एमबीसिंक दर पाच मिनिटांनी चालवण्यासाठी सिस्टमडीचा टायमर किंवा क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारे लिनक्सचे प्रोग्राम) वापरा. इथे एक खाच आहे: जीपीजी एजंट तुमच्या चावीचं सांकेतिक वाक्य मुळात १० मिनिटं वापराविना गेली की विसरतो, आणि तुम्ही समोर नसताना टायमर अडकतो. एजंटच्या कॉन्फिगरेशनमध्ये ती मुदत वाढवा.

शोधासाठी नॉटमच. ‘सेटअप’ने मेलडिरची जागा सांगा आणि ‘न्यू’ने सूची बनवा. पहिल्यांदा वेळ लागतो, पुढे लाखभर मेलांतही उत्तर जवळपास लगेच येतं. एमबीसिंक झाला की लगोलग नॉटमच न्यू चालेल अशी व्यवस्था टायमरमध्येच करा.

एर्क आणि अल्पाइनबद्दल थोडक्यात

एर्क पहिल्यांदा चालवला की खातं जोडण्याचा फॉर्म समोर येतो. तो भरा आणि नंतर अकाउंट्स डॉट कॉन्फ फाइल उघडून ‘सोर्स-क्रेड-सीएमडी’ आणि ‘आउटगोइंग-क्रेड-सीएमडी’ या ओळींत पासची आज्ञा टाका. पत्त्यामधल्या लॉगिनच्या नावात अ‍ॅट चिन्ह असेल तर तिथे टक्क्याचं चिन्ह आणि ४० लिहायचं. या फाइलची परवानगी ६०० नसेल तर एर्क सुरूच होत नाही, आणि ते योग्यच आहे.

अल्पाइनमध्ये मुख्य मेनूतून ‘एस’, मग ‘सी’. इनबॉक्सच्या पत्त्यात महिरपी कंसात सर्व्हरचं नाव, त्याला तिरप्या रेषेने जोडून एसएसएल आणि यूझर, कंसाबाहेर इनबॉक्स. एसएमटीपीच्या ओळीतही पोर्टनंतर हीच पद्धत. मेल पाठवायला कंट्रोल-एक्स.

अडलं तर

मट ‘-डी’ पर्याय आणि एखादा आकडा देऊन चालवला की सर्व्हरशी झालेलं संभाषण होम डिरेक्टरीतल्या मटडीबग फाइलमध्ये उतरतं. निओमटमध्येही हाच पर्याय आहे, आणि ‘-एल’ने ती फाइल कुठे ठेवायची ते सांगता येतं. त्यात ऑथेंटिकेशन फसल्याचं दिसलं, तर पासवर्ड पासमधून नीट येतोय का आणि लॉगिनचं नाव पूर्ण आहे का ते पाहा. जोडणीच होत नसेल तर ओपनएसएसएलची पहिली परीक्षा पुन्हा द्या. पाठवणं फसतंय आणि वाचणं चालतंय, तर एसएमटीपीएस आणि ४६५, एसएमटीपी आणि ५८७ या जोड्या तपासा. मदत मागण्यासाठी ही फाइल कोणाला द्यायची वेळ आली, तर आधी स्वतः वाचा. तिच्यात मेलचे पत्ते, विषय आणि कधी कधी लॉगिनचा तपशीलही असतो.